फिरंगरोगाची परीक्षा आणि ‘अनुभूत’ या शेऱ्याचा अर्थ

१

जुन्या वैद्यकी बाडांचा ज्यांनीं संग्रह केला आहे त्यांस पुढील गोष्ट परिचयाची असेल. बाडांत ज्वर, खोकला, अतिसार, विंचूदंश, बाळंतरोग इत्यादिकांवरील योग एकामागून एक उतरलेले असतात. मध्येंच एखादें मुहूर्ताचें टांचण किंवा उसनवारीचा आंकडा येतो. आणि कोठें तरी, कधीं मथळ्यावांचूनहि, गरमीवरील अथवा परम्यावरील चार ओळी आढळतात. त्यांखालीं ‘अनुभूत’ किंवा ‘प्रत्यय आला’ अशा अर्थाचा शेरा असतो. संग्राहक पान उलटतो. सूची करणारा ‘किरकोळ औषधें’ एवढें लिहून मोकळा होतो. आणि घरचा वारस पोथी दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं तेवढें पान काढून ठेवावें कीं काय या विचारांत पडतो.

या चार ओळींकडे अभ्यासकांचें लक्ष वेधावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यांखालील शेरा खरा कीं खोटा, असा प्रश्न बहुधा विचारला जातो. आमच्या मतें तो प्रश्न अपुरा आहे. शेरा लिहिणारा पूर्णपणें प्रामाणिक असूनहि त्याचा निष्कर्ष चुकलेला असूं शकतो. आणि या विशिष्ट रोगांत तो कां चुकावा याचें कारण आज निश्चितपणें सांगतां येतें. तें ध्यानांत घेतल्यास, मनुष्यानें आपल्या घरीं, कोणास न कळूं देतां, स्वतःच्या शरीराची परीक्षा कशी केली याचा पुरावा म्हणून हीं पानें मोलाचीं ठरतात. अलीकडे याच रोगाची घरबसल्या करावयाची परीक्षा नव्या साधनांनीं प्रचारांत आली आहे. त्यामुळें जुन्या पानांवरील हा विचार आजच्या वाचकासहि उपयोगी पडेल.

२

प्रथम नांवांचा घोळ उलगडला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायांत वृद्धि व श्लीपद यांजबरोबर ‘उपदंश’ सांगितला आहे. तो पांच प्रकारचा: तीन दोषांचे तीन, सान्निपातिक एक व रक्तज एक. त्याचें वर्णन मुख्यतः एका स्थानींच्या व्याधीचें आहे. माधवनिदानांतहि उपदंशास स्वतंत्र प्रकरण आहे. पुढें देशी भाषांत ‘उपदंश’ हा शब्द पाश्चात्त्य वैद्यकांतील सिफिलिस या रोगास लावण्याची चाल पडली. म्हणून सुश्रुतोक्त उपदंश आणि आजचा उपदंश हे एकच असें गृहीत धरून कोणी या रोगाचें भारतांतील प्राचीनत्व सिद्ध करूं लागल्यास तें प्रमाण मानतां येत नाहीं. शब्द टिकतो आणि अर्थ पालटतो, हें भाषेच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

‘फिरंगरोग’ या नांवाची गोष्ट निराळी आहे. तें भावमिश्राच्या भावप्रकाशांत येतें. हा ग्रंथ इसवी सनाच्या सोळाव्या शतकांतील मानला जातो. फिरंग नांवाच्या देशांत हा रोग बहुत आढळतो म्हणून त्यास फिरंग हें नांव पडलें, आणि फिरंग्यांच्या अंगसंसर्गानें व विशेषतः फिरंगी स्त्रीच्या संगानें तो उत्पन्न होतो, असें भावमिश्र सांगतो. त्यास ‘गंधरोग’ असेंहि दुसरें नांव तो देतो. रोग आगंतुक आहे, दोषांचा संबंध त्यांत मागाहून येतो, हें त्याचें निदान सूक्ष्म आहे. शरीरांतील दोष आधीं बिघडून झालेला हा रोग नसून बाहेरून आलेला आहे, एवढें त्यानें सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून ओळखलें होतें.

बाहेरचे दाखले या काळाशीं जुळतात. फ्रान्सचा राजा आठवा शार्ल १४९४ त इटलींत उतरला व १४९५ त त्यानें नेपल्स घेतलें. त्याचें भाडोत्री सैन्य पांगलें तेव्हां हा रोग युरोपभर पसरला. इटालियनांनीं त्यास फ्रेंच रोग म्हटलें व फ्रेंचांनीं नेपल्सचा रोग म्हटलें. व्हेरोना येथील वैद्य फ्राकास्तोरो यानें १५३० त प्रसिद्ध केलेल्या लॅटिन काव्यांत सिफिलस नांवाचा एक मेंढपाळ कल्पिला. त्यावरून पुढें सिफिलिस हें नांव रूढ झालें. वास्को द गामा कालिकतास १४९८ त आला, व पोर्तुगीजांनीं गोवें १५१० त घेतलें. इराणांतील वैद्य बहाउद्दौला याच्या १५०१-०२ च्या सुमाराच्या ग्रंथांत या नव्या रोगाचें वर्णन असून तेथेंहि फिरंग्यांचें नांव त्यास जोडलेलें आहे. म्हणजे प्रत्येक समाजानें हा रोग शेजाऱ्याच्या पदरीं घातला. आपणहि तेंच केलें. या नांवावरून कोणीं अभिमान बाळगूं नये किंवा कोणास दूषण देऊं नये. कालनिर्णयास मात्र त्याचा उपयोग निश्चित आहे.

औषधांतहि असाच एक कालदर्शक शब्द आहे, तो ‘चोपचिनी’. फारसी ‘चोब-इ-चीनी’, म्हणजे चीन देशाचें लांकूड, याचें हें रूप. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ त हिंदुस्थानांत आला व त्याचा संवादरूप औषधिग्रंथ १५६३ त गोव्यांत छापला गेला. त्यांत या मुळावर स्वतंत्र संवाद आहे. त्याची ख्याति हिंदुस्थानांत १५३५ च्या सुमारास झाली असें ओर्ता सांगतो. शरीरशास्त्रज्ञ वेसालियस यानें याच मुळाविषयीं लिहिलेलें पत्र १५४६ त बाझल येथें छापलें गेलें. भावप्रकाशांत फिरंगरोगावर चोपचिनीचें चूर्ण सांगितलेलें आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासांत (१९०२ व १९०९) फिरंग व चोपचिनी यांच्या उल्लेखांचा रसग्रंथांच्या कालनिर्णयाशीं असलेला संबंध दाखविला आहे. संग्राहकांनीं तोच नियम बाडांस लावावा. ज्या योगांत फिरंगाचें नांव किंवा त्यावरील चोपचिनी आहे, तो योग सोळाव्या शतकाच्या अलीकडचा. मात्र योगाचा काळ तोच बाडाचा काळ असें समजूं नये. जुन्या बाडाच्या कोऱ्या जागेंत पुढील पिढीचा हात पुष्कळदां शिरलेला असतो.

३

आतां परीक्षेकडे वळूं. आयुर्वेदांत रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी तीन प्रकारची सांगितली आहे. सुश्रुतानें पांच इंद्रियें व प्रश्न मिळून ती सहा प्रकारची केली. नंतरच्या काळीं नाडी, मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृष्टि व आकृति अशी अष्टविध परीक्षा प्रचारांत आली. आपल्याकडे बहुमान्य असलेल्या योगरत्नाकरांत ती दिलेली आहे. त्यांतील मूत्रपरीक्षेचा विधि लक्षांत घेण्यासारखा आहे. रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं रोग्याचें मूत्र, पहिली धार सोडून, पात्रांत धरावयाचें. उजाडल्यावर त्यावर तृणाग्रानें तेलाचा थेंब सोडावयाचा. आणि तो पसरतो कीं बुडतो यावरून साध्यासाध्यता ठरवावयाची. नमुना घरीं घेतला जाई, निर्णय वैद्य देई. नमुना घरचा व निर्णय जाणत्याचा, ही विभागणी म्हणजे आजची नवीन युक्ति नव्हे.

परंतु फिरंगासारख्या रोगांत या सर्व परीक्षांस एक मोठा अडथळा होता, तो लज्जेचा. स्थान गुह्य असल्यामुळें दर्शन व स्पर्शन रोगी होऊं देत नसे. प्रश्नास खरें उत्तर मिळण्याची आशा त्याहून कमी. स्त्रीरोग्याच्या बाबतींत तर तिन्ही वाटा जवळजवळ बंद. अशा स्थितींत परीक्षकाचें काम रोग्याकडेच येतें. तोच पाहतो, तोच ठरवितो, तोच कोठून तरी मिळविलेला योग घरीं घेतो, आणि गुण आला कीं नाहीं हेंहि तोच ठरवितो. बाडांतील चार ओळींचें जन्मस्थान हें आहे. ज्वरावरील योग वैद्याच्या ओट्यावर उतरून घेतां येई. हा योग बहुधा विश्वासू मित्राच्या तोंडून किंवा फिरस्त्या गोसाव्याकडून मिळावयाचा.

अशा मनुष्यास पाहावयास काय मिळे? भावमिश्र फिरंगाचे तीन भेद सांगतो: बाह्य, आभ्यंतर व उभयरूप. बाह्य फिरंग विस्फोटासारखा, अल्प वेदनेचा, व्रणाप्रमाणें फुटणारा व सुखसाध्य. आभ्यंतर सांध्यांत असतो. त्यांत आमवातासारखी पीडा व सूज येते, आणि तो कष्टसाध्य. उभयरूप दीर्घकाळ टिकणारा. उपद्रवांत कृशता, बलक्षय, अग्निमांद्य, नाक बसणें, अस्थि शुष्क होणें व वांकणें हीं येतात. आजचें वैद्यक या वर्णनाशीं पुष्कळ अंशीं सहमत होईल. पहिला व्रण बहुधा दुखत नाहीं हें त्याचें निरीक्षण विशेष यथार्थ आहे. फरक आहे तो एकाच जागीं. भावमिश्रानें ज्यांस तीन भेद म्हटलें, त्या पुष्कळशा एकाच रोगाच्या कालक्रमानें येणाऱ्या अवस्था आहेत. बाह्य फिरंग सुखसाध्य दिसतो, कारण तो आपोआप दिसेनासा होतो. आणि वर्षांनंतर जो ‘आभ्यंतर’ म्हणून परत येतो, तो बहुधा तोच असतो.

४

येथें निदानपंचकांतील ‘उपशय’ या अंगाचा विचार अवश्य आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति यांनीं रोग जाणावा असें माधवकर सांगतो. उपशय म्हणजे औषध, आहार किंवा विहार यांनीं पडणारा आराम. लक्षणें संदिग्ध असतील तेव्हां अमुक औषधानें उतार पडला यावरून रोग अमुक, असें अनुमान त्यानें करतां येतें. हें अनुमान तर्कदृष्ट्या निर्दोष नाहीं, तरी व्यवहारांत फार उपयोगी आहे. औषध दिल्यावर उतार, न दिल्यास वाढ, असा अन्वयव्यतिरेक जेथें दाखवितां येतो तेथें तें चालतें. पण औषध न देतांहि उतार पडणारच असेल, तर व्यतिरेक उरत नाहीं व अनुमान ढासळतें.

फिरंगरोग नेमका या जातीचा आहे. संसर्गानंतर सरासरीनें तीन आठवड्यांनीं, व दहा ते नव्वद दिवसांच्या मर्यादेंत, व्रण दिसतो. औषध घेतलें अथवा न घेतलें तरी तो तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. कांहीं आठवडे गेल्यावर अंगावर, विशेषतः तळहात व तळपाय यांवरहि, पुरळ उठतें. बारीक ताप व घशास त्रास असतो. तेंहि सर्व आपोआप मावळतें. पुढें वर्षांनुवर्षें बाहेरून कांहींच दिसत नाहीं. औषधावांचून राहिलेल्यांपैकीं कांहीं जणांस दहा ते तीस वर्षांनंतर हृदय, मेंदू, मज्जातंतू किंवा अस्थि यांचे गंभीर विकार होतात. गर्भवतीकडून हा रोग गर्भास जातो, आणि मृतापत्य किंवा जन्मतः रोगी अपत्य हें त्याचें फळ असतें.

आतां बाडांतील मनुष्याची स्थिति डोळ्यांसमोर आणावी. व्रण दिसल्यावर कांहीं दिवस भयानें व आशेनें गेले. कांहीं दिवस योग मिळविण्यांत गेले. मग भावप्रकाशांतील सप्तशालि वटीसारखा पाऱ्याचा योग सात दिवस घेतला. मीठ व आंबट वर्ज्य केलें. श्रम, ऊन व स्त्रीसंग टाळला. पथ्य संपतें तों व्रण भरत आलेला असे. मनुष्यानें देवाचे आभार मानून बाडांत ‘अनुभूत’ असें लिहिलें. त्यांत कपट नाहीं व अतिशयोक्तीहि नाहीं. जें त्याला दिसलें तें त्यानें लिहिलें. काळाच्या हातून झालेलें काम त्यानें औषधाच्या खात्यावर मांडलें, एवढाच यांतील दोष.

पाऱ्याविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. या रोगाच्या जंतूस पाऱ्यानें कांहींसा आळा बसत असावा. युरोपांतहि तो विसाव्या शतकापर्यंत वापरांत होता. पण रोग निश्चितपणें निपटून काढण्याचें सामर्थ्य त्यांत नव्हतें, आणि विषबाधा मात्र खरी होती. लाळ गळणें, हिरड्या सुजणें, दांत हलणें, तोंड येणें हीं त्या विषाचीं लक्षणें. युरोपांतील वैद्य लाळ जितकी अधिक तितका रोग बाहेर पडतो असें मानीत. म्हणजे विषबाधेच्या लक्षणासच त्यांनीं गुणाची परीक्षा ठरविलें. भावमिश्रानें रसकर्पूर गव्हाच्या कणकेच्या गोळींत बंद करून, वर लवंगेचें चूर्ण लावून, दांतांस न लागूं देतां गिळावयास सांगितलें आहे, व तोंड न सुजावें हा त्यांतील हेतु आहे. या बाबतींत त्याची सावधगिरी अधिक होती. तरी आजच्या कोणीहि हे योग करून पाहूं नयेत. ग्रंथाचें वय म्हणजे औषधाची निर्भयता नव्हे.

५

हा मोह आपल्याच देशांतील अडाणी रोग्यांस पडला असें कोणी म्हणेल, तर इंग्लंडांतील उदाहरण पाहावें. जॉन हंटर हा अठराव्या शतकांतील मोठा शस्त्रवैद्य. त्यानें १७६७ त परम्याच्या रोग्याच्या पुवानें दुसऱ्या शरीरास टोंचणी केली. तें शरीर त्याचें स्वतःचेंच होतें असें परंपरेनें सांगतात; अभ्यासकांत त्याविषयीं मतभेद आहे. टोंचलेल्या जागीं परमा व फिरंग या दोहोंचीं चिन्हें आलीं. ज्याचा पू घेतला त्यास दोन्ही रोग असावेत. हंटरनें निष्कर्ष काढला कीं दोन्ही रोगांचें विष एकच. त्याच्या १७८६ च्या ग्रंथामुळें हें मत दीर्घकाळ प्रमाण मानलें गेलें. पॅरिसच्या रिकोर यानें १८३८ त दोन्ही रोग निराळे म्हणून दाखविले, आणि परम्याचा जंतु नाइसर यानें १८७९ त शोधून काढला. सूक्ष्म निरीक्षण, धैर्य व नोंद हीं तिन्ही हंटरपाशीं होतीं. प्रयोगाची रचना चुकल्यानें तीं तिन्ही निष्फळ झालीं. ‘अनुभूत’ लिहिणाऱ्या आपल्या अनामिक गृहस्थास हंसण्यापूर्वीं हें स्मरावें.

६

एकोणिसाव्या शतकांत परीक्षेचा अधिकार रोग्याच्या व वैद्याच्या हातून सरकारच्या हातीं गेला. इंग्रज सरकारनें गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठीं १८६४ त छावण्यांचा कायदा व १८६८ त सांसर्गिक रोगांचा कायदा केला. छावण्यांच्या बाजारांतील व शहरांतील वारांगनांची नोंदणी करून त्यांची सक्तीनें तपासणी होई. रोग आढळल्यास त्यांस त्यासाठींच काढलेल्या इस्पितळांत कोंडून ठेवीत. ज्यांच्या संगानें रोग पसरे त्या पुरुषांवर कायद्याचा असा जाच नव्हता. इंग्लंडांत जोसेफाइन बटलर प्रभृतींनीं याविरुद्ध चळवळ केली, आणि १८८८ त हिंदुस्थानांतील १८६८ चा कायदा रद्द झाला. परीक्षा सक्तीची झाली कीं परीक्ष्य मनुष्य लपूं लागतो, हा त्या काळाचा धडा. दफ्तरांत या तपासण्यांचे आंकडे सांपडतात. तपासल्या गेलेल्या स्त्रियांचें स्वतःचें म्हणणें मात्र क्वचितच. ही उणीव ध्यानांत घेतली म्हणजे खाजगी बाडांतील चार ओळींचें मोल अधिकच वाढतें.

नंतर परीक्षा प्रयोगशाळेंत गेली. बर्लिन येथें शाउदिन व होफमान यांनीं १९०५ त या रोगाचा मळसूत्रासारखा वेटोळा जंतु पाहिला. वासरमान, नाइसर व ब्रुक यांनीं १९०६ त रक्ताची परीक्षा प्रसिद्ध केली. आतां कोणतेंहि बाह्य चिन्ह नसतां, सुप्तावस्थेंतील रोग ओळखणें प्रथमच शक्य झालें. पण ही परीक्षाहि निर्दोष नव्हती. ती ज्या द्रव्याशीं प्रतिक्रिया दाखवी तें जंतूचें नसून बैलाच्या हृदयांतहि मिळणारें एक स्निग्ध द्रव्य होतें. पँगबॉर्न या विदुषीनें १९४१ त तें वेगळें केलें. त्यामुळें महारोग व हिवताप असलेल्यांच्या रक्तांतहि कधींकधीं होकारार्थी उत्तर येई. आपल्या देशांत हे दोन्ही रोग पुष्कळ असल्यानें ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. लुडविक फ्लेक या पोलिश वैद्यानें १९३५ त वासरमानच्या परीक्षेचाच इतिहास घेऊन, शास्त्रीय सत्य हें कसें पुष्कळांच्या हातून घडत जातें, याचें विवेचन करणारा ग्रंथ लिहिला. इतिहासाच्या अभ्यासकांनीं तो अवश्य पाहावा. पेनिसिलिनचा या रोगावरील गुण १९४३ त अमेरिकेंत महोनी व त्याचे सहकारी यांनीं दाखविला, आणि तेव्हांपासून हा रोग निश्चितपणें बरा होणारा झाला.

ज्ञान प्रयोगशाळेच्या हातीं गेल्यावर तें रोग्यापर्यंत पोहोंचेलच असें मात्र नाहीं. अमेरिकेच्या अलाबामा प्रांतांत तेथील सरकारी आरोग्यखात्यानें १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारें ६०० कृष्णवर्णी पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांपैकीं ३९९ जणांस हा रोग होता. त्यांस रोगाचें खरें नांव न सांगतां ‘रक्त बिघडलें आहे’ एवढेंच सांगण्यांत आलें, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरहि तें त्यांस दिलें गेलें नाहीं. भावमिश्राच्या काळचा रोगी अज्ञानानें फसला. या रोग्यांपासून ज्ञान लपविलें गेलें. परीक्षेचें फळ कोणाच्या हातीं असावें, हा प्रश्न किती गंभीर आहे तें यावरून कळेल.

७

अलीकडील काळांत हें फळ पुन्हां रोग्याच्या हातीं येऊं लागलें आहे. अमेरिकेंत एच्. आय्. व्ही.च्या परीक्षेसाठीं घरीं रक्ताचा थेंब कागदावर घेऊन प्रयोगशाळेस पाठविण्याच्या साधनास १९९६ त परवानगी मिळाली. ही योगरत्नाकरांतील विभागणीच होय: नमुना घरचा, निर्णय दूरचा. तोंडांतील लाळेवरून, निर्णयासह घरींच होणाऱ्या परीक्षेस २०१२ त मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ त एच्. आय्. व्ही.च्या स्वपरीक्षेची शिफारस केली. फिरंगरोगाच्या बाबतींत २०२४ हें वर्ष महत्त्वाचें. त्या वर्षीं या संघटनेनें सिफिलिसच्या स्वपरीक्षेची शिफारस केली. आणि बोटांतील रक्ताच्या थेंबावरून सुमारें पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या, वैद्याच्या चिठ्ठीवांचून मिळणाऱ्या घरगुती परीक्षेस अमेरिकेंत प्रथमच मान्यता मिळाली. आपल्याकडे २०१७ च्या कायद्यानें एच्. आय्. व्ही.च्या परीक्षेस संमति आवश्यक ठरविली व गुप्ततेस संरक्षण दिलें, हेंहि याच प्रवाहांतील पाऊल आहे.

या नव्या परीक्षेचा गुण व मर्यादा आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहेत. व्रण गेला तरी ती रोग ओळखूं शकते. म्हणजे जुना मनुष्य जेथें फसला नेमका तो खड्डा तिनें बुजविला. पण तिला दिसतात तीं जंतूविरुद्ध शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिपिंडें. तीं उत्पन्न होण्यास कांहीं आठवडे लागतात, म्हणून फार लवकर केलेल्या परीक्षेचें नकारार्थी उत्तर निर्णायक नसतें. उलट, रोग पूर्ण बरा झाला तरी तीं प्रतिपिंडें बहुधा आयुष्यभर राहतात, म्हणून पूर्वीं उपचार झालेल्यास होकारार्थी उत्तर येऊं शकतें. जुन्या परीक्षेंत रोग असून चिन्ह नसे. नव्या परीक्षेंत चिन्ह असून रोग नसूं शकतो. दोन्ही ठिकाणीं चिन्ह व रोग यांस एकच मानणें हाच भ्रम. म्हणून होकारार्थी उत्तर आल्यास दुसरी रक्तपरीक्षा व वैद्याचा सल्ला घ्यावाच लागतो. दर्शन आतां यंत्रास साधलें आहे, परंतु ‘पूर्वीं झाला होता काय? उपचार केव्हां केला?’ हा प्रश्न अद्यापि मनुष्यानेंच विचारावयाचा आहे. त्रिविध परीक्षेंतील तिसरें अंग गळलेलें नाहीं.

लज्जा मात्र तीच आहे. बंद खोलींत पंधरा मिनिटें वाट पाहणारा आजचा मनुष्य आणि समईच्या उजेडांत स्वतःचें शरीर न्याहाळणारा तो गृहस्थ, यांच्या मनःस्थितींत फार अंतर असेल असें वाटत नाहीं. फरक हा कीं आजच्यास खात्रीचा उपचार उपलब्ध आहे. त्यानें दार उघडून तो घेतला पाहिजे, एवढेंच.

८

या विवेचनावरून संग्राहकांस व सूचिकारांस पुढील विनंति कराविशी वाटते.

एक: गरमी, परमा, फिरंग, उपदंश इत्यादिकांवरील पानें बाडांतून काढूं नयेत व सूचींत त्यांचा ‘किरकोळ’ म्हणून लोप करूं नये. रोगनाम जसें लिहिलें असेल तसें द्यावें. ‘उपदंश’ असेल तेथें ‘फिरंग’ लिहूं नये.

दोन: हाताची व शाईची नोंद करावी. योग मूळ लेखकाचा कीं मागाहून घातलेला, शेरा योगाच्याच हातानें आहे कीं दुसऱ्याच्या, हें लिहावें. योग व शेरा यांचे हात निराळे असल्यास योग एकानें दिला व दुसऱ्यानें घेऊन पाहिला, असें अनुमान करण्यास जागा होते.

तीन: शेऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरावे. किती दिवस औषध घेतलें, कोणतें चिन्ह गेलें, पुन्हां उठलें काय, यांपैकीं कांहीं असल्यास तें विशेष मोलाचें. ‘पुन्हां उठलें’ अशा अर्थाचा एखादा शेरा कोणास आढळल्यास तो शंभर ‘अनुभूतां’च्या बरोबरीचा समजावा, कारण ज्यानें तो लिहिला त्यास उपशयाचा दोष स्वतःच्या शरीरावर कळला होता.

चार: पान प्रसिद्ध करतांना घराण्याचें नांव द्यावें कीं नाहीं याचा विचार करावा. आपण सनदा व वंशावळी घराण्याच्या नांवानें छापतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीची गुप्तता त्या मनुष्यानें आयुष्यभर राखली, ती तीन पिढ्यांनंतर त्याच्या वंशजांच्या नांवासह चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. प्रांत, काळ, लिपी व योग एवढें इतिहासास पुरेसें आहे. मूळ नांव संग्रहाच्या दफ्तरांत मोहोरबंद राहूं द्यावें.

इतिहासाचीं साधनें बहुधा राजांच्या, कारकुनांच्या व देवस्थानांच्या हातचीं असतात. सामान्य मनुष्य एकांतांत स्वतःविषयीं काय जाणूं पाहत होता, हें सांगणारीं साधनें फार थोडीं. हीं चार ओळींचीं पानें त्यांपैकीं आहेत. त्यांतील औषध आज निरुपयोगी आहे व निष्कर्ष चुकीचा आहे. तरी पाहणें, ठरविणें व पुढच्यासाठीं लिहून ठेवणें हा त्यांतील प्रयत्न अस्सल आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनीं तीं वरील काळजी घेऊन नोंदवावीं, म्हणजे महाराष्ट्रांतील फिरंगरोगाच्या इतिहासास आज नसलेला पाया मिळेल.